‘दाराचा भाग, अक्षरे दोन’: शब्दकोड्यातले भाग आणि बाजू कशा ओळखाव्यात

तुमचा प्रश्न असा: शब्दकोड्यातल्या राजधान्या, नद्या, नाटककार, समानार्थी शब्द यांचे काही वाटत नाही, पण ‘अमक्याचा भाग’ किंवा ‘तमक्याची बाजू’ असे सूत्र आले की घोडे अडते. एकतर काहीच सुचत नाही, नाहीतर चार शब्द सुचतात आणि चारही बसतात. सोबत अडलेली तीन सूत्रेही तुम्ही दिली आहेत. ‘छपराचा भाग’, दोन अक्षरे, दुसऱ्या घरात ढे. ‘वर्तुळाचा भाग’, दोन अक्षरे, दुसऱ्या घरात स. आणि ‘चुलीचा भाग’, दोन अक्षरे, दुसऱ्या घरात ल. याच्या पहिल्या घरातून खाली उतरणारे ‘शत्रू’ (दोन अक्षरे) हे सूत्रही सुटलेले नाही.

मी कोडी सोडवतो त्याहून जास्त रचतो, तेव्हा रचणाऱ्याच्या बाजूने सांगतो. अशी सूत्रे शब्दसंग्रहापेक्षा व्याकरणाने जास्त सुटतात. सूत्रात ‘चा’ आहे, ‘ची’ आहे की ‘चे’, आणि त्यापुढे ‘भाग’ म्हटले आहे, ‘बाजू’ म्हटले आहे की ‘कड’, एवढे नीट वाचले तरी निम्मी वाट सरते. बहुतेक लोक वस्तूचे नाव वाचतात आणि लगेच डोक्यात शोधाशोध सुरू करतात. मधला प्रत्यय वाचायचा राहूनच जातो.

ही सूत्रे कोड्यात इतकी का येतात, ते आधी सांगतो. मराठी कोड्यात एका घरात एक अक्षर बसते, काना-मात्रा-वेलांटी-अनुस्वार आणि जोडाक्षर यांसकट. ‘प्रत्यंचा’ हा शब्द दिसायला भारदस्त, पण घरे तीनच: प्र, त्यं, चा. ‘मुखपृष्ठ’ चार घरांत मावते. त्यामुळे एकमेकांना छेदणारे दोन शब्द नुसत्या व्यंजनावर जुळून चालत नाही, स्वरासकट जुळावे लागतात. ‘चौकट’ आडवा टाकला, तर पहिल्या घरातून खाली जायला ‘चौ’नेच सुरू होणारा शब्द हवा आणि तिसऱ्यातून जायला कोरड्या ‘ट’ने सुरू होणारा. ‘चौथरा’ मिळतो. ‘ट’साठी डोके खाजवल्यावर ‘टप’ मिळतो, गाडीवरचा. बघा, दोन्ही कशाचे तरी भागच निघाले. हा योगायोग नाही. हत्यारे, भांडी, कपडे, घर, गाडी यांच्या भागांना मराठीत दोन-तीन अक्षरांची भरपूर नावे आहेत आणि ती सगळ्या स्वरांत संपतात: मूठ, पाते, दांडी, आरा, आढे, काठ. कोडे जवळजवळ भरून झाले, एका कोपऱ्यात दोन घरे अडून बसली, की कोडेकार हमखास या कोठारात हात घालतो. म्हणून ही सूत्रे कोड्याच्या कोपऱ्यांत आणि कडेला जास्त दिसतात. घाईत लिहिलेली असल्याने बऱ्याचदा ढिसाळही असतात.

आता प्रत्ययाकडे. ‘तलवारीचा भाग’ असे सूत्र असेल तर ‘चा’ हा ‘भाग’ या शब्दाचा आहे, उत्तराचा नाही. त्यावरून लिंग कळत नाही. पण गाळलेली जागा असेल, ‘तलवारीची ___’, तर तो ‘ची’ थेट उत्तराला चिकटलेला आहे. तिथे मूठ किंवा धार चालेल, ‘पाते’ चालणार नाही. ‘तलवारीचे ___’ असेल तर उलटे. थोडे आणखी बारकाईने पाहा. ‘चे’ म्हणजे नपुंसकलिंगी एकवचन, पण पुल्लिंगी अनेकवचनही: ‘चाकाचे ___’ म्हणजे आरे. ‘ची’ म्हणजे स्त्रीलिंगी एकवचन, पण नपुंसकलिंगी अनेकवचनही: ‘पंख्याची ___’ म्हणजे पाती. आणि ‘च्या’ दिसला तर समजा स्त्रीलिंगी अनेकवचन: ‘साडीच्या ___’ म्हणजे निऱ्या. चांगला कोडेकार ‘पंख्याची’सारखे सूत्र मुद्दाम निवडतो, कारण सोडवणारा एकवचनी स्त्रीलिंगी शब्द शोधत बसतो आणि ‘पाती’ समोर असून दिसत नाही.

सूत्रात ‘हा, ही, हे’ आले तरी तोच नियम. ‘कुऱ्हाडीचा हा गोतास काळ’: दांडा. इथे म्हण माहीत असली तर प्रश्नच नाही. पण समजा माहीत नाही आणि पहिले घर ‘दां’ मिळाले आहे. तर दांडा, दांडी, दांडे, दांडू एवढे पर्याय समोर येतात. ‘चा’ आणि ‘हा’ पुल्लिंगी एकवचन सांगतात, म्हणजे दांडी आणि दांडे गेले. दांडू विटीबरोबर असतो, कुऱ्हाडीला नाही. उरला दांडा. म्हण न आठवताही सुटले. हेच घर ‘तराजूची ही आडवी, मिठासाठी गांधीजी इथवर चालत गेले’ या सूत्रात ‘दांडी’ मागते.

दांडा-दांडी यांसारख्या जोड्या डोक्यात असू द्या. खुंटा-खुंटी, फळा-फळी, पट्टा-पट्टी, कडा-कडी, आरा-आरी. आकारान्त शब्द बहुधा मोठी, जाड वस्तू आणि ईकारान्त शब्द लहान, बारीक. जात्याला खुंटा असतो, सतारीला खुंटी. पण या नियमावर डोळे मिटून भरवसा ठेवू नका. डोंगराचा कडा आणि दाराची कडी यांचे काही नाते नाही. चाकाचा आरा आणि चांभाराची आरी या तर सरळ वेगळ्याच वस्तू. त्यातच ‘आर’ म्हणून तिसरा शब्द आहे: भोवऱ्याच्या टोकाला असते ती खिळ्यासारखी आर. ‘भोवऱ्याचे टोक’ दोन अक्षरांत मागितले आणि पहिले घर ‘आ’ असले तर ‘आरा’ लिहू नका. मात्र दुसरे घर छेदणाऱ्या शब्दाने भरलेले नसेल, तर ‘आरी’ लिहिणाऱ्याशी मी वाद घालणार नाही. आरेलाच आरी म्हणणारेही आहेत.

आता दुसरा धागा. सूत्रात नाते सांगणारा शब्द कोणता आहे? ‘भाग’ म्हटले की वस्तू सुटी केल्यावर हाती येणारा तुकडा धरा: मूठ, पाते, आरा, कडी, बिजागरी. ‘बाजू’ म्हटले की बहुधा जोडी असते, आणि उत्तर त्या जोडीतले एक असते. नाण्याची बाजू छापा किंवा काटा. कापडाची सुलट किंवा उलट. छपराची बाजू पाखे. ‘दुपाखी’, ‘चौपाखी’ घर हे शब्द ऐकले असतील तर ‘पाखे’ त्यांतूनच काढता येते. ‘कड’ म्हटले की रेषा: काठ, किनार, धार. ‘टोक’ म्हटले की बिंदू: नीब, आर, शेंडा. ‘तोंड’ म्हटले की जिथून काही आत जाते किंवा बाहेर येते ती जागा: नदीचे मुख, नळाची तोटी. यात कोडेकार नेहमी काटेकोर असतोच असे नाही, पण जो असतो त्याची कोडी भराभर सुटतात.

‘बाजू’वरून माझे एक आवडते उत्तर सांगतो. ‘कागदाच्या दोन्ही बाजू’, चार अक्षरे. लोक मुखपृष्ठ, मलपृष्ठ वगैरे घालून बघतात आणि ‘दोन्ही’ हा शब्द विसरतात. उत्तर आहे ‘पाठपोट’. अर्ज पाठपोट लिहा असे आपण म्हणतोच, पण तो शब्द कागदाच्या बाजूंचे नाव म्हणून कधी डोळ्यांपुढे येत नाही. हिऱ्याची बाजू म्हणजे पैलू, हेही तसेच. व्यक्तिमत्त्वाचे पैलू म्हणता म्हणता हिरा बाजूलाच राहिला. डोंगराची बाजू विचारली आणि दोनच घरे असली तर ‘कूस’ आधी पाहा, ‘उतार’ तीन घरांचा आहे. सैन्याचीही पुढची-मागची बाजू असते: आघाडी, पिछाडी, बगल. दोनच घरे असतील तर ‘बिनी’. बिनीचे शिलेदार म्हणतो ते तिथलेच.

एकाच शब्दाला अनेक वस्तू लागू पडतात तिथे कोडेकाराची खरी मजा असते. ‘काटा’ घ्या. घड्याळाचा भाग, तराजूचा भाग, नाण्याची बाजू, गुलाबाच्या फांदीवर असतो तो, माशात असतो तो. पाच सूत्रे आणि उत्तर एक. म्हणून दोन अक्षरी ‘भाग’ अडला की मी आधी ‘काटा’ घालून पाहतो. त्याच्या खालोखाल ‘काठ’: नदीला, साडीला, ताटाला. मग ‘कणा’, ‘धार’, ‘मूठ’. अशी बहुउपयोगी उत्तरे माहीत असली की सूत्र वाचायच्या आधीच काही घरांचा अंदाज येतो.

आणि सूत्र एकाच शब्दाचे दोन अर्थ एकत्र बांधून आले तर घाबरण्याऐवजी खूश व्हा, कारण तपासणी दोन्हीकडून होते. ‘धाड, किंवा नाण्याची बाजू’: छापा. ‘सुरीची कड, भोज राजाचे शहरही’: धार. ‘पानाची मोकळी कड, द्वंद्व, बहुव्रीही वगैरे’: समास. ‘चाकाला एक पुरते, फलंदाजाचे एकीवर भागत नाही’: धाव, म्हणजे बैलगाडीच्या चाकावर ठोकलेली लोखंडी पट्टी. ‘खिडकीत उभा हत्ती’: गज. ‘कानात, डोळ्यात, सतारीवर आणि रंगमंचावर’: पडदा. ‘तारा वाहते पण धावत नाही’: घोडी, सतारीवर तारांखाली असते ती. वाद्यांचे भाग एकंदरीतच कोड्याला फार सोयीचे, कारण त्यांची नावे रोजच्या शब्दांतून उचललेली आहेत. तबल्याला शाई आणि चाट असते, तंबोऱ्याला भोपळा असतो, व्हायोलिन वाजवायला पुन्हा गजच लागतो. सूत्रात वाद्याचे नाव दिसले की त्या वाद्याचा खास शब्द आठवत बसण्याआधी घरातल्या, स्वयंपाकघरातल्या, गोठ्यातल्या शब्दांवरून नजर फिरवा.

भूमितीत तर अख्खे महाभारत-भागवत लपले आहे. काटकोन त्रिकोणाची सर्वांत मोठी बाजू कर्ण. ‘काटकोनासमोर बसलेला सूर्यपुत्र’ असे सूत्र मी एकदा दिले होते आणि ते अजूनही मला बरे वाटते. वर्तुळाच्या केंद्रातून जाणारा तो व्यास, महाभारतकारही. परिघाचा तुकडा तो कंस, कृष्णाचा मामाही. जीवा म्हणजे धनुष्याची दोरी. परिघावरचे दोन बिंदू सरळ रेषेने जोडले की जणू धनुष्याला दोरी चढते, म्हणून ते नाव. घन दिला तर आकडे पाहा. ‘घनाला सहा’ म्हणजे पृष्ठे, ‘घनाला बारा’ म्हणजे कडा, ‘घनाला आठ’ म्हणजे शिरोबिंदू. हा ‘कडा’ डोंगराचा नव्हे, ‘कड’चे अनेकवचन, सूत्रात बारा असल्यामुळेच ते कळते.

तुमचे दुसरे सूत्र इथेच सुटते. ‘वर्तुळाचा भाग’, दुसरे घर स. कंसही बसतो आणि व्यासही, आणि छेदणारे अक्षर दोघांनाही सामाईक. पण सूत्रात ‘भाग’ म्हटले आहे. व्यास हा वर्तुळ ओलांडून जाणारा रेषाखंड. वर्तुळाची रेघ पुसून तुकडे केले तर त्यांत व्यास सापडणार नाही, कंस सापडेल. तेव्हा कंस. व्यास हवा असता तर कोडेकाराने ‘त्रिज्येची दुप्पट’ असे काही म्हटले असते. निदान म्हणायला हवे होते.

शरीराचे अवयव ही या कोठाराची मोठी खोली आहे. आपण वस्तूंना माणसासारखे अवयव देतो आणि मग ते दिल्याचे विसरतो. घागरीला तोंड, गळा, पोट, बूड. खुर्चीला पाय, हात, पाठ. फणीला आणि करवतीला दात. कपाला आणि कढईला कान. डोंगराला माथा, कूस, आणि हत्ती नसतानाही सोंड. नारळाला शेंडी आणि डोळे. चपलेला अंगठा. ‘कपाचा भाग’, दोन अक्षरे, म्हटल्यावर ‘बशी’ लिहिणारे भेटतात. बशी ही कपाची जोडीदार आहे, भाग नाही. कान लिहा. करवतीच्या बाबतीत जरा सांभाळून: ‘दात’ही म्हणतात आणि ‘दाते’ही. पहिले घर ‘दा’ असून उपयोग नाही, दुसरे मिळेपर्यंत थांबावे लागते.

इथे ऱ्हस्व-दीर्घाचा मुद्दा येतो, आणि बरेच जण याच ठिकाणी फसतात. मराठी साहित्य महामंडळाच्या 1962 च्या नियमांप्रमाणे अकारान्त शब्दातला शेवटून दुसरा इकार-उकार दीर्घ लिहायचा: मूठ, बूड, कूस, शीर, शीड, पीळ. पण तोच शब्द अनेकवचनात गेला की ऱ्हस्व होतो: मुठी. म्हणजे ‘तलवारीचा भाग’ आणि ‘तलवारींचे भाग’ यांचे पहिले घरच बदलते, एकात मू, दुसऱ्यात मु. छेदणाऱ्या शब्दाने तुम्हाला ‘मु’ दिला आणि तुम्ही ‘मूठ’ धरून बसलात तर कोडे कधीच जुळणार नाही. संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या शब्दांना हा नियम लागू नाही, म्हणून ‘मुख’ ऱ्हस्वच. तेव्हा ‘मु’ने सुरू होणारा, दोन अक्षरी, ‘नदीचा भाग’ म्हटले की मुख. ‘मू’ने सुरू होणारा हत्याराचा भाग म्हटले की मूठ. दीर्घ-ऱ्हस्व ही कटकट नसून फुकटची खूण आहे, असे मी कोडी सोडवणाऱ्या नवख्यांना सांगतो. त्यांना ते पटत नाही हा भाग वेगळा.

एकार आणि अनुस्वार यांचे तसेच. बोलताना आपण पातं, आढं, नेढं म्हणतो. कोड्यात पाते, आढे, नेढे असेच येते. सूत्राची भाषा बोलीतली असली तरी उत्तर बहुतेक प्रमाण रूपात असते. याला अपवाद दिसला तर तो कोडेकाराचा आळस समजा.

‘नेढे’चा विषय निघालाच आहे, तर तुमचे पहिले सूत्र. ‘छपराचा भाग’, दुसरे घर ढे. नेढे आणि आढे दोन्ही ‘ढे’ने संपतात. नेढे म्हणजे सुईचे भोक. डोंगरातल्या आरपार भोकालाही तेच नाव, जसे राजगडाच्या सुवेळा माचीवरचे. छपराशी त्याचा संबंध नाही. दोन्ही पाखी जिथे वर भेटतात त्या कण्याच्या लाकडाला आढे म्हणतात, वासे त्यावरून खाली उतरतात आणि छपराची खालची, भिंतीबाहेर आलेली कड ती वळचण. वळचणीचे पाणी आढ्याला जाणे हा वाक्प्रचार माहीत असेल तर हे चित्र डोळ्यांपुढे असतेच. उत्तर आढे.

घराच्या भागांची सूत्रे अशा म्हणींवर फार पोसलेली आहेत. ‘घर फिरले की हेही फिरतात’: वासे. ‘हिच्यावर हीच करणारा वरचढ’: कडी. तीन अक्षरांत ‘दाराचा भाग’ विचारला तर चौकट, उंबरा असे पर्याय. ‘उंबरठा’, ‘अडसर’ आणि ‘बिजागरी’ चार घरांचे, ‘कोयंडा’ पुन्हा तीन. नुसते ‘दाराचा भाग (3)’ हे सूत्र मी कुणाच्या कोड्यात पाहिले की पान उलटतो. ते सूत्रच नव्हे. छेदणाऱ्या शब्दांवर सगळे ओझे टाकून कोडेकार मोकळा झालेला असतो. निदान ‘ओलांडायचा’ किंवा ‘आतून लावायचा’ एवढे तरी म्हणावे. वस्तूचा भाग विचारताना त्या भागाचे काम सांगितले की सूत्र जिवंत होते आणि सोडवणाऱ्याला हातात काहीतरी मिळते.

सोडवणाऱ्यानेही हेच उलट्या बाजूने करावे. वस्तूचे चित्र डोळ्यांपुढे आणून तिच्याकडे बघत बसू नका, ती वापरा. कुऱ्हाड मनातल्या मनात उचला. हात कुठे पडला? दांड्यावर. लागले कुठे? पात्याला. होडीत बसा: शीड, डोलकाठी, वल्हे, मागे सुकाणू, पुढे नाळ. जहाजाचा पुढचा भाग ‘नाळ’ आणि मागचा ‘वरामा’, हे शब्द आता कोड्यातच जास्त भेटतात. ‘नाळ’ आणि ‘नाल’ यांत गफलत करू नका, घोड्याच्या खुराला ठोकतात तो नाल. छेदणारे अक्षर ळ की ल एवढ्यावर जहाज की घोडा ते ठरते.

कोशांबद्दल एवढेच: अशा शब्दांसाठी दाते-कर्व्यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ आणि त्याआधीचा मोल्सवर्थचा कोश यांना तोड नाही, कारण दोघांनीही शेती, घर, गाडी, नाव यांचे शब्द मन लावून टिपले आहेत. मोल्सवर्थची दुसरी आवृत्ती 1857 ची, म्हणजे गाडी अजून बहुतेक बैलांचीच होती. पण कोश उत्तर तपासायला उघडावा, शोधायला नव्हे. शोधायला उघडलात तर ‘नांगर’ बघता बघता फाळ, रुमणे, जू असे करत तासभर जातो. वेळ सुखात जातो हे खरे, पण कोडे तसेच राहते.

एक सावधगिरी मात्र सांगायलाच हवी. भाग आणि जोडीची वस्तू यांत फरक करा. म्यान हा तलवारीचा भाग नाही, मांजा पतंगाचा नाही, जू म्हटले तर गाडीचे आणि म्हटले तर बैलांचे. कोडेकार चुकीचे सूत्र देतो ते बहुधा या सीमेवर. छेदणारी अक्षरे पक्की असतील आणि उत्तर फक्त ‘म्यान’च बसत असेल, तर मनातल्या मनात नाक मुरडा आणि लिहून टाका.

राहिले तिसरे सूत्र. ‘चुलीचा भाग’, दोन अक्षरे, दुसरे घर ल. मुख्य चुलीला लागून आत जाळ पोचेल असे जे दुसरे लहान तोंड असते, त्याला कुणी वैल म्हणतात, कुणी औल. अर्थ एक, लिंग एक, घरे दोन, आणि शेवटचे अक्षरही एकच. इथे ना चा-ची-चे उपयोगी, ना भाग-बाजूचा भेद, ना कोश. कोशात दोन्ही सापडतील. पहिले घर ‘वै’ किंवा ‘औ’, एवढेच नक्की. आता खाली उतरणारे ‘शत्रू’ पाहा. रिपू, अरी, वैरी असे दोन अक्षरी शब्द आहेत. ‘औ’ने सुरू होणारा शत्रू नाही, ‘वै’ने सुरू होणारा एकच आहे. वैरी खाली उतरवा आणि वैल आडवा लिहा.